पण मिनिटं कोणाची कापायची?

बास्केटबॉलचा सामना हरला की कोचचा पंचनामा सुरू. "त्याला फक्त अकरा मिनिटं?" "शेवटी हा बाहेर का बसला होता?" "चांगला पोरगा बेंचवर सडतोय!" यातल्या बऱ्याच तक्रारींत तथ्य असतं, पण जवळजवळ प्रत्येक तक्रार अर्धवट असते. अमक्याला पंचवीस मिनिटं द्या, हे वाक्य पूर्ण होतं ते "आणि तमक्याची चौदा काढून घ्या" असं पुढे जोडल्यावर. तो दुसरा भाग कोणी बोलत नाही, कारण तिथे वाद घालणाऱ्यालाच घाम फुटतो.

हिशेब साधा आहे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी सामना ४० मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, ४८ मिनिटं, म्हणजे २४०. जादा वेळेच्या दर पाच मिनिटांमागे आणखी २५. यापेक्षा एक सेकंद जास्त कोणत्याही कोचकडे नसतो. बारा जणांत सारखं वाटायचं ठरवलं तर प्रत्येकाला १६ मिनिटं ४० सेकंद येतात, आणि तेवढ्यात कोणाचाच हात बसत नाही. रात्र थोडी, सोंगं फार.

४० मिनिटांच्या सामन्यात चालण्यासारखं वाटप साधारण असं असतं : स्टार्टरना, म्हणजे सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांना, ३०, ३०, २८, २६ आणि २४. झाली १३८. उरलेली ६२ बेंचवरच्या चौघांना, २०, १६, १४ आणि १२. नऊ माणसांत तिजोरी रिकामी. आता दहावा आत आणायचा असेल तर त्याला किमान चार-चार मिनिटांच्या दोन पाळ्या हव्यात. त्यासाठी बेंचवरच्या चौघांची दोन-दोन मिनिटं कापली की ते १८, १४, १२ आणि १० वर येतात. शेवटचा आता दहा मिनिटांचा, म्हणजे दोनदा उतरायचं, अंग गरम होईपर्यंत परत बसायचं. एकाचा राग काढायला गेलात आणि चौघांची लय घालवलीत.

याचं अलीकडचं ठसठशीत उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं. सर्बियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात अमेरिकेचे कोच स्टीव्ह कर यांनी जेसन टेटमला एक सेकंदही उतरवलं नाही. टेटम काही आठवड्यांपूर्वीच बॉस्टनबरोबर एनबीए जिंकून आलेला. गदारोळ उठला. पण त्याच सामन्यात केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीतून परतला होता आणि त्याने बेंचवरून येऊन २३ गुण केले. टेटमची जागा तीच. सामना अमेरिकेने ११०–८४ असा जिंकला. पुढच्या सामन्यात टेटम सुरुवातीपासून खेळला आणि जोएल एम्बीड पूर्ण वेळ बसला. उपांत्य फेरीत पुन्हा सर्बिया, पुन्हा टेटम शून्य मिनिटं, अमेरिका १७ गुणांनी मागे पडून ९५–९१ ने जिंकली. "टेटमला खेळवायला हवं होतं" म्हणणाऱ्यांना तेव्हाही एकच प्रश्न विचारण्यासारखा होता : ड्युरंटला बसवून, की लेब्रॉन जेम्सला?

सुरुवात कोण करतो यावर सर्वांत जास्त शाई खर्च होते, आणि माझ्या मते ती बरीचशी वाया जाते. शेवटची पाच मिनिटं कोण मैदानात असतो, हा खरा मान. मनू जिनोबिली सॅन अँटोनिओसाठी वर्षानुवर्षं बेंचवरून यायचा, २००८ मध्ये सर्वोत्तम सिक्स्थ मॅन, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम, ठरला, आणि सामना अडला की मैदानात हमखास तोच दिसायचा. त्याचे कोच ग्रेग पॉपोविच यांचा हेतू उघड होता : टोनी पार्कर आणि टिम डंकन दम खायला बसतात तेव्हा चेंडू कोणाच्या तरी भरवशाच्या हातात हवा.

हा मुद्दा जरा आकड्यांत बघू, कारण वादातली निम्मी अक्कल इथेच आहे. समजा तुमच्याकडे चेंडू हाताळणारे दोन पक्के खेळाडू आहेत आणि दोघांनाही ३२ मिनिटं द्यायची आहेत. दोघांना एकाच वेळी बसवलं तर ३२ मिनिटं दोघं एकत्र आणि ८ मिनिटं दोघंही बाहेर. त्या ८ मिनिटांत संघ आंधळी कोशिंबीर खेळतो. वेगवेगळं बसवलं तर २४ मिनिटं एकत्र, ८ मिनिटं एकटा पहिला, ८ मिनिटं एकटा दुसरा, आणि दोघांविना एकही मिनिट नाही. कोणाची मिनिटं वाढली नाहीत, कमी झाली नाहीत, तरी संघ बदलला.

प्रत्यक्षात हे असं लावतात. पहिला खेळाडू पहिल्या क्वार्टरची (क्वार्टर म्हणजे सामन्याचा चौथा भाग) चार मिनिटं उरली असताना बाहेर येतो आणि दुसरा क्वार्टर सुरू होताना परत जातो. तो परत जाताना दुसरा बसतो, चार मिनिटांसाठी. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये तीच फेरी. दोघांच्याही विश्रांतीला दोन क्वार्टरमधली दोन मिनिटं फुकटात चिकटतात. शिवाय शिट्ट्या, फ्री थ्रो, टाइमआउट धरले तर घड्याळावरची चार मिनिटं प्रत्यक्षात जवळपास दुप्पट होतात. म्हणून "चार मिनिटांत काय दम घेणार" हा आक्षेप कागदावर खरा वाटतो, बाकावर नाही.

याची किंमत म्हणजे दुसरा खेळाडू चौथ्या क्वार्टरची सुरुवात बाहेरून बघतो. संघ नेमका तेव्हा सात गुणांनी घसरला तर सगळे ओरडतात, "सामना जातोय आणि हा माणूस त्याला बसवून ठेवतो!" अशा वेळी कोच त्याला दोन मिनिटं आधी उतरवतो. टाळ्या पडतात. मग शेवटच्या मिनिटात त्याचा शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परततो, आणि तोच जमाव म्हणतो की कोचने त्याला दमवलं. दमलेल्या खेळाडूचा शॉट आधी आखूड पडतो, कारण बाहेरून मारलेल्या शॉटचा जोर पायांतून येतो. रिंगच्या पुढच्या कडेला लागणारे लागोपाठचे शॉट दिसले की टीव्हीवर मिनिटं मोजायची गरज नाही.

बरं, कोचला वाटलं म्हणून लगेच बदल करता येतो असंही नाही. फिबाच्या सामन्यात बास्केट झाल्यावर घड्याळ चालूच राहतं आणि बदलीची संधी मिळत नाही. फाउल, चेंडू बाहेर, टाइमआउट, असं काही झालं तरच. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत मात्र बास्केटनंतर घड्याळ थांबतं, आणि ज्या संघावर बास्केट झाली तो बदल मागू शकतो. त्याने केला तर समोरच्यालाही करता येतो. एरवी बदली खेळाडू टेबलाजवळ गुडघ्यावर हात ठेवून शिट्टीची वाट बघत बसतो आणि आत दमलेला माणूस आणखी दीड मिनिट धावतो. टाइमआउट घेऊन बदल करता येतो, पण पूर्वार्धात ते दोनच आणि उत्तरार्धात तीन. दमलेला माणूस बाहेर काढायला एक जाळला, तर शेवटी चाल सांगायला कमी पडतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ यांनी यावर छान तोड काढली होती. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, कोच त्याला बाहेर घेणार, आणि दम भरला की परत कधी जायचं हे खेळाडूनेच सांगायचं. खोटं बोलायचं कारणच उरत नाही.

आता फाउल. पहिल्याच क्वार्टरमध्ये दुसरा फाउल पडला की खेळाडू मध्यंतरापर्यंत बाहेर, ही अनेक कोचची प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि इथे मी चाहत्यांच्या बाजूचा आहे. फिबात पाच फाउलला खेळाडू बाद, एनबीएत सहा. दोन्हीकडे भागाकार एकच येतो : दर आठ मिनिटांना एक. समजा तुमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा उंच खेळाडू, साधारण याच गतीने फाउल करतो आणि सहाव्या मिनिटाला त्याचे दोन झाले. हातात तीन उरले, म्हणजे सरासरीने आणखी २४ मिनिटं. सहा आणि चोवीस तीस. तुम्ही त्याला खेळवणार होतात तेवढीच! त्याला मध्यंतरापर्यंत बसवलं तर १४ मिनिटं तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलीत, आणि उत्तरार्ध पूर्ण खेळला तरी त्याची मिनिटं २६ वर थांबतात. वर बहुधा एखादा फाउल शिल्लक ठेवूनच तो घरी जाणार. बाद होण्याच्या भीतीने आधीच बाद करून टाकायचं, असला प्रकार.

कोचची बाजू अगदीच लंगडी नाही. दोन फाउलवाला सेंटर हात मागे ठेवून खेळतो. समोरचा संघ ते हेरतो आणि प्रत्येक चाल त्याच्याच अंगावर नेतो. शेवटच्या मिनिटांत तो असणं जास्त मोलाचं, कारण तोवर नेमकं काय हवंय ते कळलेलं असतं. पण यावर बसवण्याआधीचे उपाय आहेत. त्याला समोरच्यांच्या सर्वांत निरुपद्रवी खेळाडूवर टाका. काही मिनिटं झोन लावा, म्हणजे प्रत्येकाने माणसाऐवजी जागा राखायची. शिट्टी मिळेल तेव्हा डिफेन्सला बाहेर, आक्रमणाला आत, अशी अदलाबदल करा. एवढं करूनही दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा पडला, तर बसवा. दुसऱ्यावर आपोआप नको.

सर्वांत चिघळणारा वाद तरुण स्कोअररचा. बारा मिनिटांत अकरा गुण करतो, तरी बारा मिनिटंच का मिळतात? एक चाल जवळून बघू. समोरच्यांचा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा, बास्केटपासून लांब चेंडू घेऊन आहे, त्यांचा सेंटर त्याला स्क्रीन देतो, म्हणजे त्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो, आणि मग बास्केटकडे सुटतो. आपला सेंटर दोन पावलं मागे सरकून गार्डला अडवतो. आता सुटलेला सेंटर मोकळा. त्याला अडवायची जबाबदारी चेंडूपासून लांबच्या बाजूला उभ्या खेळाडूची : दोन पावलं आत यायचं, त्याच्या अंगाला अंग लावून त्याची धाव मोडायची, आणि चेंडू उडाला की परत कोपऱ्यातल्या आपल्या माणसावर धावायचं. ही आत-बाहेर करायला एक-दीड सेकंद मिळतो. आपला स्कोअरर तिथे उभा राहून चेंडू बघतोय. तो आत आलाच नाही, म्हणून दुसरा कोणी आपला माणूस सोडून मदतीला आला, आणि त्या दुसऱ्याचा माणूस कोपऱ्यात मोकळा राहिला. कोपऱ्यात तीन गुणांची रेषा ६.६० मीटरवर, समोरच्या ६.७५ पेक्षा जवळ. शॉट पडतो. पडद्यावर दिसतो तो उशिरा धावत आलेला दुसरा खेळाडू, शिव्याही त्यालाच. सराव बघणाऱ्या कोचला मात्र चूक कुठे सुरू झाली ते माहीत असतं. अशा चुका सामन्यात पाच-सहा झाल्या की अकरा गुणांचा फायदा फिटतो.

दुसरं दुखणं जोड्यांचं. सर्वोत्तम पाच खेळाडू एकत्र उतरवले की सर्वोत्तम संघ होतो, हा समज टिकत नाही, कारण चेंडू एकच असतो. लांबून शॉट न मारणारे दोघे एकदम मैदानात असले की त्यांचे डिफेंडर सरळ बास्केटखाली येऊन उभे राहतात आणि तुमच्या उत्तम ड्रायव्हरला, म्हणजे चेंडू घेऊन आत घुसणाऱ्याला, शिरायला फट उरत नाही. मग ड्रायव्हर "फॉर्मात नाही" असं ठरतं. म्हणून एखाद्याला मिनिटं मिळत नाहीत त्याचं कारण तो स्वतः नसून त्याच्यासारखाच दुसरा आधी आत असणं, हेही असतं.

मग प्लस-मायनस काढून दाखवलं जातं. "बघा, हा आत असताना आपण नऊने मागे पडलो." एनबीएत ४८ मिनिटांत प्रत्येक संघाला साधारण शंभर वेळा चेंडूचा ताबा मिळतो, म्हणजे मिनिटाला दोनदा. चार मिनिटांच्या पाळीत आठ. त्या आठांत समोरच्याने हात तोंडावर असताना तीन लांबचे शॉट घातले की उणे नऊ, त्यात या बिचाऱ्याचा संबंध असो वा नसो. एका सामन्याचं प्लस-मायनस घेऊन वाद घालू नये. पाच जणांच्या एखाद्या जुळणीबद्दल बोलायचं तर ती मोसमात निदान दोन-अडीचशे मिनिटं एकत्र खेळलेली असावी, आणि त्यातली सामना निकाली निघाल्यानंतरची मिनिटं वेगळी काढावीत. तेवढा वेळ एकत्र खेळलेल्या जुळण्या बहुतेक संघांकडे तीन-चार सुद्धा नसतात.

तरीही कधी कधी पुरावा जमायच्या आत निर्णय घ्यावा लागतो. २०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट क्लीव्हलँडविरुद्ध १–२ मागे होतं. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटचे कोच, तेच स्टीव्ह कर, यांनी सेंटर अँड्र्यू बोगटला काढून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं. त्या मोसमात साखळी सामन्यांत इग्वोडाला एकदाही सुरुवातीपासून खेळला नव्हता. कल्पना निक युरेन या त्यांच्या तरुण सहायकाची. सुरुवातीलाच ०–७. त्या क्षणी घराघरांत काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. क्लीव्हलँडच्या उंच टिमोफी मोझगोवने त्या सामन्यात २८ गुण केले, म्हणजे बोगट नसल्याची किंमत खरोखर मोजावी लागली. पण पाचही जण धावणारे आणि पास करणारे असल्याने खेळाचा वेग बदलला आणि गोल्डन स्टेटने १०३–८२ ने सामना घेतला. मला खरी गंमत पाचव्या सामन्यात वाटते. क्लीव्हलँडचे कोच डेव्हिड ब्लॅट यांनी, आदल्या सामन्यात २८ गुण केलेल्या त्याच मोझगोवला जेमतेम नऊ मिनिटं दिली. समोरचा संघ लहान झाला म्हणून आपणही लहान व्हायचं, की आपलं बलस्थान रेटायचं? ब्लॅट यांनी पहिलं निवडलं, सामना गेला, आणि पुढचाही. इग्वोडाला मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू.

मालिका चालू असताना सुरुवातीचा खेळाडू बदलण्याचा असाच डाव न्यूयॉर्कचे कोच टॉम थिबोडो यांनी २०२५ मध्ये इंडियानाविरुद्ध ईस्टच्या (एनबीएच्या पूर्व विभागाच्या) अंतिम मालिकेत टाकला. ०–२ पिछाडीवर जॉश हार्टच्या जागी मिचेल रॉबिन्सन. तिसरा सामना जिंकला, मालिका २–४ ने गेली, आणि काही दिवसांत थिबोडोंची नोकरी.

थिबोडोंचं नाव निघालं की मिनिटांच्या ओझ्याचा वाद निघतोच. २८ एप्रिल २०१२ ला, प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच सामन्यात त्यांचा शिकागो संघ फिलाडेल्फियापुढे १२ गुणांनी पुढे होता, दीड मिनिटाहून कमी वेळ उरला होता, आणि डेरिक रोझ अजून मैदानात होता. उडी मारताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. त्याला तेव्हा का ठेवलं, हा प्रश्न रास्तच. पण आघाडी वीसवरून बारावर आली होती आणि दुखापतींमुळे रोझ त्या मोसमात बरेच सामने बाहेर बसल्याने त्याला लय हवी होती, हेही त्याच दमात सांगायला हवं. कोणाचाही धक्का न लागता तुटणारा लिगामेंट विसाव्या मिनिटालाही तुटू शकतो. माझं मत : दोन मिनिटं आणि बारा गुण असतील तर काढावा. त्या निर्णयाने गुडघा वाचलाच असता, असं मात्र म्हणू नये.

दुसऱ्या टोकाला पॉपोविच. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी मायामीविरुद्धच्या सामन्याआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीनला विश्रांतीसाठी सरळ घरी पाठवलं. लीगने संघाला अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. आणि विल्ट चेंबरलेन १९६१–६२ च्या मोसमात सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळला. जादा वेळ धरून सरासरी सामन्याच्याच वर गेली! तो आकडा आजच्या वादात कोणी आणू नये, खेळाचा वेगही वेगळा आणि माणूसही.

वाद घालायचाच असेल तर एक कागद पुरतो. आडव्या चाळीस चौकटी, मिनिटाला एक. डावीकडे नावांची उभी रांग. जो आत असेल त्याची चौकट पेन्सिलने भरायची आणि प्रत्येक बदलाला खाली स्कोअर टिपायचा. पहिल्या सामन्यात हात मागे पडतो, कारण एकदम तीन बदल होतात आणि नंबर दिसत नाहीत. तेव्हा आत कोण गेलं ते सोडून बाहेर बाकावर कोण बसलंय ते बघायचं, ते चेहरे हलत नाहीत. सामना संपल्यावर बघायचं की चेंडू हाताळणारे दोघंही बाहेर असलेल्या चौकटी किती, लांबून न मारणारे दोघं एकत्र किती वेळ होते, आणि सलग नऊ मिनिटांपेक्षा लांब पट्टा कोणाचा आहे.

पाच-सहा सामन्यांचे कागद शेजारी मांडले की गळती बहुधा एकाच जागी सापडते, आणि ती जागा पुष्कळदा दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीची असते. अकरा मिनिटंवाला तुमचा लाडका तिथे बसतो का, ते तपासा. बसत असेल, तर ती मिनिटं सध्या कोणाची आहेत ते नाव त्याच रांगेत डावीकडे लिहिलेलं आहे.